पिल्लं वाटण्याआधी गावात लसीचा दिवस ठरवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय: परसातल्या कोंबड्या, घरचं संगोपन आणि गावाचं लसीकरण

पावसाळा सरत आला की गावोगाव पिल्लांचे टेम्पो फिरू लागतात. पंचायत समितीत पशुसंवर्धन विभागाच्या योजनेचे अर्जही सुटतात: निम्म्या अनुदानावर १०० एकदिवसीय पिल्लांचा गट, नाहीतर २५ तलंगा (वयात येणाऱ्या माद्या) आणि ३ नर. घरात अंडी होतील, मुलांना जीव लावायला काही मिळेल, चार पैसे बाईच्या हातात राहतील, या आशेने पिल्लं घरी येतात. थंडी-उन्हाळा उलटेपर्यंत बरीच खुराडी ओस पडलेली असतात आणि कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘जातच चांगली नव्हती.’

जातीचा दोष फार थोड्या वेळा असतो. पहिल्या तीन आठवड्यांत पिल्लं गारठून जातात, त्यातून वाचलेली मुंगूस-कुत्र्याच्या तोंडी पडतात आणि तिथूनही वाचलेल्या मोठ्या कोंबड्या मानमोडीच्या साथीत एका आठवड्यात संपतात. पहिल्या दोन गोष्टी ज्याच्या त्याच्या घराला सांभाळता येतात. तिसरीला सगळं गाव लागतं. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या पुढे गेली, २०१२ पेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त. एवढ्या घरांत पाळला जाणारा जीव नशिबावर सोडू नये, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी उबेबद्दल. एक दिवसाच्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करत न्यायचं आणि अंगभर पिसं आली की ऊब बंद. वीस पिल्लांसाठी पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा दीड फूट उंच, तीन फूट व्यासाचा गोल करावा. खोकं वापरू नये. चौकोनात पिल्लं कोपऱ्यात गर्दी करतात आणि खालची गुदमरून मरतात. खाली दोन इंच भाताचं तूस, त्यावर पहिले तीन-चार दिवस कागद, कारण नवं पिल्लू तूसच दाणा समजून खातं. गुळगुळीत कागदावर मात्र पिल्लांचे पाय फाकतात आणि ते अधूपण पुढे जात नाही. त्यासाठी कागद चुरगळून अंथरावा किंवा स्वच्छ गोणपाट टाकावं.

पिल्लामागे दोन वॉट हा हिशेब. वीस पिल्लांना एकच ६० वॉटचा दिवा लावण्यापेक्षा ४० वॉटचे दोन लावावेत. रात्रीत एक उडाला तरी दुसऱ्यावर सकाळ गाठता येते. दिवा जुन्या तारेचा, पिवळ्या उजेडाचा हवा. सध्या दुकानदार न विचारता एलईडी देतो. तो उजेड देतो, ऊब देत नाही. गोलात लख्ख उजेड आणि पिल्लं गारठलेली, हा प्रकार आता फार दिसतो. दिवा जमिनीपासून फूट-दीड फुटावर टांगावा, वायर पक्की बांधावी, तुसात दिवा पडला तर आग लागते. उंची ठरवायला पिल्लांकडे पाहावं. दिव्याखाली गोळा होऊन किलबिलाट करत असतील तर गार आहे, दिवा खाली घ्या. कडेला जाऊन चोची उघड्या टाकून बसली असतील तर फार तापलंय, वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. गोलभर पसरून, शांत, थोडी खातायत, थोडी झोपलीयत, हे बरोबर.

वीज जाते त्या रात्रींसाठी बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून गोलात ठेवावं आणि वरून गोणपाट अर्धं झाकावं. बंद खोलीत घमेल्यात निखारे ठेवू नयेत. कोळशाचा वायू पिल्लांना मारतो आणि त्याच खोलीत माणसं झोपली असतील तर त्यांनाही. सगळ्यांत भरवशाची ऊब खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीची. सुमारे तीन आठवडे अंड्यांवर बसलेल्या देशी कोंबडीखाली अंधार पडल्यावर विकत आणलेली पिल्लं एकेक करून सरकवली आणि तिची अंडी त्याच वेळी काढून घेतली, तर बहुतेक कोंबड्या सकाळी ती आपली मानतात. दहा-बारा पिल्लं ती सहज उबवते. पहिल्या सकाळी बसून लक्ष ठेवावं. ती टोचत असेल तर लगेच पिल्लं काढून घ्यावीत.

घरी आणल्याबरोबर पहिलं पाणी, मग दाणा. लिटरभर पाण्यात मूठभर गूळ विरघळवून पहिले काही तास द्यावा, प्रवासाचा शीण निघतो. नंतर साधं स्वच्छ पाणी. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवली की ते शिकतं. पाण्याची ताटली उथळ घ्यावी आणि त्यात गोटे टाकावेत, नाहीतर पिल्लं भिजतात आणि भिजलेलं पिल्लू दिव्याखालीसुद्धा वाचत नाही. खायला पहिले सहा ते आठ आठवडे पिल्लांचं तयार खाद्य, वीस टक्के प्रथिनांचं. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लू जगतं, वाढत नाही, आणि पहिल्या आजाराला बळी पडतं.

इथे एक विनंती सगळ्या आईवडिलांना. जत्रेत, बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं लहान मुलांसाठी विकली जातात. ती बहुधा अंड्यांच्या जातीचे नर असतात, उबवणी केंद्राला नको असलेले. लस नाही, ऊब नाही, दोन दिवस टोपलीत काढलेले. मूल त्याला कुरवाळत राहतं आणि चौथ्या दिवशी ते मरतं. मुलाला कोंबडी पाळायला शिकवायचं असेल तर हे पिल्लू विकत घेऊ नका.

आता खुराडं. दहा कोंबड्यांना रात्री मुक्कामाला चार फूट बाय तीन फूट जागा पुरते, उंची तीन फूट. जमिनीपासून दोन फूट उंच चार पायांवर उभं करावं. खाली बांबूच्या कांबी, मध्ये अर्धा इंच फट, म्हणजे शीट खाली पडते आणि पाय अडकत नाही. बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी. बाजारात स्वस्त मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा ती दातांनी फाडतो, आणि मोठ्या छिद्रांतून मुंगूस, उंदीर, साप आत येतात. पैसे वाचवायचे तर छपरावर वाचवा, जाळीवर नको. दाराला नुसता आकडा पुरत नाही. मुंगूस नाकाने ढकलून फट पाडतं आणि कोकणात ऊदमांजर पंजाने दार ओढतं. कडी आणि खाली एक खिट्टी, दोन्ही हव्यात. हवा वरून खेळली पाहिजे: छपराखाली सहा इंचांची जाळीची पट्टी चारही बाजूंनी उघडी ठेवावी. थंडीत लोक गोणपाटाने सगळं गच्च बंद करतात, मग रात्रभर शिटेचा तिखट वास कोंडतो आणि महिन्याभरात कोंबड्यांचे डोळे-नाक वाहू लागतात. खालचा झोत अडवावा, वरची हवा अडवू नये. ज्या भागात पाऊस तिरका मारतो तिथे छप्पर दोन फूट पुढे काढावं. खुराड्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. अंडं फुटताना ओल्या पिल्लावर लाल मुंग्या तुटून पडतात, ते याने थांबतं.

आत बसायला दोन इंच रुंद, कडा घासलेल्या दोन दांड्या, खुराड्याच्या तळापासून दीड फुटावर, दोन्ही सारख्या उंचीच्या. एक वर एक खाली केली की सगळ्या वरचीसाठी भांडतात आणि खालच्यांच्या अंगावर घाण पडते. कोंबडीमागे आठ इंच जागा धरा. अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे एक फूटभर चौकोनी पेटी, आत पेंढा, तोंड अंधाराकडे. उजेडातल्या पेटीत कोंबडी बसत नाही, बसली तर बाकीच्या तिला टोचतात आणि फुटलेल्या अंड्याची चव एकदा लागली की ती खोड जाता जात नाही. अंडं खायची सवय लागलीच तर अंडी दिवसातून दोनदा उचलावीत, पेटी आणखी अंधारी करावी आणि शिंपल्याचा चुरा द्यावा, कारण पातळ कवच हे तिचं निम्मं कारण असतं.

डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली, कोंबडी आणि पिल्लं झाकायची पद्धत दिवसा उत्तम आहे. घारीपासून, शिकऱ्यापासून, कावळ्यापासून पिल्लं वाचतात. रात्री मात्र डालगं उलटवायला कुत्र्याला काही लागत नाही. वर दगड ठेवला तरी खालून मुंगूस उकरतं.

संध्याकाळी दार लावणं हे कोंबडी पाळण्यातलं सगळ्यांत मोठं काम आहे, आणि घरात ते ‘कुणीतरी करेल’ यावर सोडलेलं असतं. त्याला एक नाव लागलं पाहिजे: अमक्याने रोज दिवेलागणीला डोकी मोजायची आणि कडी-खिट्टी लावायची. तो परगावी गेला तर कोण, हेही ठरलेलं हवं. मुलांना यातली बरीच कामं देता येतात. आठ-दहा वर्षांची मुलं अंडी उचलतात, पाणी बदलतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची अंडी लिहितात. हे लिहिलेलं फार उपयोगी पडतं. अंडी अचानक निम्म्यावर आली की आजार दिसण्याआधी दोन-तीन दिवस कळतं. कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुणं याला सूट नाही, कारण अगदी निरोगी कोंबडीच्या शिटेतही माणसाला जुलाब लावणारे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्लं गालाला लावू नयेत. आणि नर मोठे झाल्यावर त्यांचं काय करायचं, हे मुलांना पहिल्या दिवशीच खरं सांगावं. नाव ठेवलेला कोंबडा न सांगता जेवणात आला तर त्या मुलाचा घरावरचा विश्वास जातो. घरात कापायचा नसेल तर विकायचा, विकायचाही नसेल तर मरेपर्यंत खायला घालायची तयारी ठेवायची, तीनही गोष्टी रास्त आहेत, लपवाछपवी नको.

घाणीबद्दल कुणी आधी सांगत नाही. मोठी कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास ओली शीट टाकते, म्हणजे दहा कोंबड्यांची किलोभर. ओट्यावर, पायरीवर, तुळशीच्या कट्ट्यावर, उन्हाळ्यात अंगणातल्या वाळवणावर. त्यावर दोनच उपाय चालतात. एक, दुपारपर्यंत कोंबड्या कुंपणात ठेवायच्या आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत मोकळ्या सोडायच्या; दाणा घरी मिळतो हे माहीत असल्याने त्या लांब जात नाहीत आणि बहुतेक अंडी सकाळीच पेटीत पडून गेलेली असतात. दुसरा, एका पंखाची मोठी पिसं, फक्त एकाच, कात्रीने अर्ध्यावर कापायची, म्हणजे तोल जाऊन ती पाच फुटांचं कुंपण ओलांडत नाही. वाढीला लागलेलं, देठात रक्त असलेलं पीस कापू नये. शेजाऱ्याच्या मेथीच्या वाफ्यात कोंबडी दहा मिनिटं गेली तरी वाफा उकरून ठेवते आणि मग वर्षानुवर्षांचा शेजार बिघडतो, तेव्हा कुंपणाचा खर्च टाळू नये. शहरात, दाट वस्तीत ठेवणार असाल तर कोंबडा ठेवूच नका. अंडी मिळायला कोंबडा लागत नाही, पिल्लं काढायला लागतो, दहा माद्यांमागे एक.

खुराड्याखाली पडलेली शीट रोज झाडून तिच्यावर राख किंवा वाळका पाला टाकावा. ओली शीट उघडी राहिली तर वास आणि माश्या, झाकली तर दोन्ही नाहीत. हे खत फार कडक असतं. ताजं झाडाच्या बुंध्याशी टाकलं तर झाड जळतं. पालापाचोळ्यात मिसळून तीन महिने कुजवून मग द्यावं. वांगी आणि नारळ त्याला चांगले लागू होतात.

खाण्याचा हिशेब सोपा आहे. पूर्ण बांधून ठेवलेल्या मोठ्या कोंबडीला दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाद्य लागतं. परसात किडे, गवत, सांडलेलं धान्य मिळत असेल तर घरून निम्मं पुरतं. घरी करायचं तर दहा किलोला मक्याचा किंवा बाजरीचा भरडा सहा किलो, तांदळाचा कोंडा दीड किलो, सोयाबीन पेंड दोन किलो तीनशे ग्रॅम, खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम आणि मीठ तीस ग्रॅम. सोयाबीन पिकवणारी घरं कच्चं सोयाबीनच भरडून घालतात, तसं करू नये. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. पेंड बनताना तो उष्णतेने जातो. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, खाद्यात मिसळू नये. अंडी घालणारी कोंबडी तो गरजेपुरता उचलते, आणि वाढत्या तलंगांना, नरांना जास्तीचा चुना मूत्रपिंडाला बाधतो. बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाणा पेंड उकळली, भाजली तरी तिच्यातलं विष जात नाही; माणसांनी टाकून दिलेलं खराब धान्य कोंबड्यांना, ही पद्धत त्यामुळे घातक आहे. लोणची, पापड, खारट सुकट, शिळं आंबलेलं अन्नही नको.

तक्रारींत सगळ्यांत वर ‘खूप खायला घालते तरी अंडी नाहीत’ ही असते. ती बहुधा कणीवर पोसलेल्या कोंबडीबद्दल असते. नुसत्या कणीने ती चरबी धरते. दुसरं कारण ऋतू. अंड्यांसाठी चौदा ते सोळा तास उजेड लागतो. थंडीत दिवस लहान होतो, अंडी कमी होतात, जुन्या कोंबड्या त्याच सुमारास पिसं टाकतात आणि दीड-दोन महिने घालतच नाहीत. तो आजार नाही. तिसरं कारण खुडूक बसणं. पिल्लं काढायची नसतील तर खुडूक मोडायला नाकपुडीत पीस खुपसणं, पाण्यात बुडवणं हे प्रकार बंद व्हावेत, त्याने जीव जातो आणि खुडूक तशीच राहते. पोटाखालून हवा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, पेंढ्याशिवाय, दाणा-पाणी देऊन तीन-चार दिवस ठेवली की ती उठते.

पिल्लं काढायची असतील तर सात दिवसांपेक्षा जुनी अंडी ठेवू नयेत. मध्यम आकाराची, स्वच्छ, न धुतलेली दहा-बारा. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर धरून पाहावं: आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा असतील तर पिल्लू आहे, स्वच्छ पिवळसर दिसलं तर काढून टाकावं, नाहीतर ते कुजून फुटतं आणि बाकीची नासवतं. एकविसाव्या दिवशी पिल्लं. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कोंबडी बसवू नये, अंडी आधीच अर्धवट तापून वाया गेलेली असतात.

जातीबद्दल एवढंच. वनराजा, गिरीराज अंगाने भरतात, पण जड असल्याने कुत्र्यापुढून पळता येत नाही. ग्रामप्रिया, कावेरी अंड्यांना चांगल्या. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते, पण खुडूक बसते, पिल्लं राखते आणि घारीची सावली पडली की ओरडून सगळ्यांना लपवते. सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत. त्यामुळे फक्त त्याच ठेवल्या तर दर खेपेला पिल्लं विकत आली. दहांत दोन देशी असाव्यात. राज्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. टेम्पोवाल्याकडून घेण्याआधी तिथे चौकशी करावी आणि कुठूनही घेतली तरी मरेक्स या आजाराची लस पहिल्या दिवशी दिली आहे का, हे विचारावं.

आता मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवट पातळ शीट, मान वाकडी होणं, चोच उघडी टाकून श्वास घेणं, पाय किंवा पंख लुळा पडणं. विषाणूचा आजार, औषध नाही. लस नसलेल्या कळपात दहांतल्या नऊ कोंबड्याही जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि ऋतू बदलताना तो जास्त येतो. मरू लागल्या की लोक उरलेल्या घाईने बाजारात विकतात किंवा कापतात आणि पिसं-आतडी ओढ्यात टाकतात. आजार पुढच्या गावात असाच जातो. मेलेली कोंबडी तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरावी, त्या आठवड्यात कोंबड्यांची देवाणघेवाण बंद ठेवावी. बाजारातून आणलेली कोंबडी किंवा उसना आणलेला कोंबडा तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय घरच्यांत सोडू नये.

लसीचं वेळापत्रक असं: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे राणीखेतची पहिली लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो या आजाराची लस, तसाच थेंब. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहाव्या आठवड्यात देवीची लस, कारण डास चावून तुऱ्यावर, डोळ्यांवर खपल्या धरणारा तो आजार पावसाळा-हिवाळ्यात ठरलेला. आठव्या आठवड्यात आरटूबी, ही राणीखेतचीच मोठ्या कोंबड्यांची लस, पंखाजवळ कातडीखाली अर्धा मिली. ही लस सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला कधीच देऊ नये, त्याला ती पेलत नाही. आठवडाभर आधी जंताचं औषध द्यावं. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना ओल्या तुसामुळे रक्ती हगवण लागते, तिला लस नव्हे तर कोरडं तूस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पाण्यातलं औषध लागतं.

हे वेळापत्रक जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात असतं. तरी घरोघर लस का पोहोचत नाही? कुपी शंभर, दोनशे, पाचशे मात्रांची येते. एका घरात कोंबड्या आठ. कुपी फोडून सोबतच्या द्रावणात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली उद्या चालत नाही, फ्रीजमध्ये ठेवली तरी चालत नाही, कारण आत जिवंत विषाणू असतो आणि तो मेला की लस म्हणजे पाणी. आठ कोंबड्यांसाठी शंभरांची कुपी कोण घेईल? दुकानदार सुट्या मात्रा देऊ शकत नाही, दवाखाना आठ कोंबड्यांसाठी गाडी पाठवू शकत नाही. माणसं आळशी आहेत म्हणून लस राहते असं नाही, कुपीचा आकार घराच्या मापाचा नाही म्हणून राहते. गावाच्या मापाचा मात्र आहे. बारा घरं एकत्र आली की एक कुपी पुरी लागते.

म्हणून मागणी अशी. प्रत्येक ग्रामपंचायतीने महिन्यातला एक ठरलेला दिवस कोंबड्यांच्या लसीचा म्हणून फळ्यावर लिहावा. वेळ पहाटे, कोंबड्या सोडायच्या आधी. एकदा सुटल्या की धरणं अवघड आणि धावपळीने तापलेल्या कोंबडीला लस देऊ नये. आदल्या दिवशी पशुसखीने (गावातल्या जनावरांच्या काळजीत मदत करणाऱ्या बाईने) किंवा अंगणवाडीच्या मदतीने घरोघर मोजणी करावी: पहिल्या आठवड्यातली पिल्लं किती, महिन्याची किती, दोन महिन्यांवरची किती. त्याप्रमाणे पशुवैद्यकीय दवाखान्याने कुप्या द्याव्यात. राज्य सरकारची लस बनवणारी संस्था पुण्यात औंधला आहे, तेव्हा हे अशक्य काम नाही. कुपी दवाखान्याच्या फ्रीजपासून शेवटच्या घरापर्यंत बर्फाच्या थर्मासमध्ये हवी, शर्टाच्या खिशात नको. ऊन लागता कामा नये. आजारी कोंबडीला लस देऊ नये, ती वाचत नाही आणि टोचणाऱ्याच्या हातांनी आजार पुढच्या घरात जातो. तसं घर शेवटी ठेवावं. एका घरातून दुसऱ्यात जाताना हात धुवावेत, सुई बदलावी. रिकाम्या कुप्या उकळून मगच टाकाव्यात. आरटूबीची मोठी फेरी जानेवारी-फेब्रुवारीत व्हावी, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला कोंबड्या तयार असतात.

या दिवसाचा आणखी एक उपयोग आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा दिसला. अशा वेळी आजार सापडलेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या नष्ट कराव्या लागतात, परसातल्याही. कोणत्या घरात किती कोंबड्या आहेत याची वही गावात असेल तर लवकर कळवणंही सोपं जातं आणि भरपाईचा दावाही. एकाच वेळी अनेक पक्षी किंवा कावळे मेलेले दिसले तर हात न लावता दवाखान्यात किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या फोन क्रमांकावर कळवावं. लसीच्या दिवसाला घर जोडलेलं असेल तर ते कळवायला कुणी घाबरत नाही.

आपल्या वृत्तपत्राला विनंती, जिल्ह्याच्या पानावर बाजारभावाशेजारी तालुकावार लसीच्या तारखा छापाव्यात. आणि पशुसंवर्धन विभागाला एक विनंती, जिला एक पैसा जास्त लागत नाही: एकदिवसीय पिल्लांचं वाटप त्या गावाच्या लसीच्या दिवसाआधी बरोबर सहा दिवस ठेवावं, म्हणजे पहिला लासोटा वेळेवर पडतो. तलंगा वाटताना त्यांना कोणत्या लसी कोणत्या तारखेला दिल्या याची चिठ्ठी प्रत्येक गटासोबत द्यावी. ती नसेल तर लाभार्थ्याने गट ताब्यात घेण्याआधी मागून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक पशुसखी, जि. कोल्हापूर